समाजशास्त्रासोबत गुन्हेगारीशास्त्र शिकायचं असेल तर

तुझा प्रश्न मी असा समजले: नागपुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेस, मुख्य विषय समाजशास्त्र. गुन्हेगारीशास्त्राची ओढ आहे. दोन्ही एकाच वेळी शिकावं, की आधी समाजशास्त्राची पदवी घेऊन मग तिकडे वळावं, हे ठरत नाहीये. घरी म्हणतात, ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होतील. आणि सगळ्यात शेवटी तू लिहिलं आहेस, ‘गुन्हेगार असा का वागतो, हे मला समजून घ्यायचंय.’

वयानं तू माझ्या विद्यार्थिनींएवढी आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. मी इथे बावीस वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे. तिशी उलटल्यावर गुन्हेगारीशास्त्राची पदविका केली आणि मधली तीन वर्षं बाल न्याय मंडळावर, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं चालतात तिथे, समाजकार्यकर्ती सदस्य होते. खाली जे लिहिते ते त्या अनुभवातून आलेलं आहे. एखाद्या वकिलानं किंवा पोलीस अधिकाऱ्यानं याच प्रश्नाचं उत्तर वेगळं दिलं असतं, आणि तेही चूक नसतं.

क्रेडिटचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न सुटणारा आहे, त्याकडे नंतर येते. खरा प्रश्न तुझ्या त्या शेवटच्या ओळीत आहे. ‘गुन्हेगार असा का वागतो’ असं विचारताना गुन्हेगार कोण, हे तू आधीच ठरलेलं धरलंस. गुन्हेगारीशास्त्राचे बरेच धडे तिथूनच सुरू होतात. समाजशास्त्र त्याच्या आधीचं विचारतं: हे कृत्य गुन्हा आहे असं कोणी ठरवलं, केव्हा ठरवलं, आणि ते करणाऱ्यांपैकी पोलीस ठाण्याच्या नोंदीत नेमके कोण पोचले?

आपल्याच शहरातलं उदाहरण घे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या वस्तीवर वर्षानुवर्षं दहशत गाजवणाऱ्या एका गुंडाला जमावानं जिल्हा न्यायालयाच्या आवारात ठार केलं. जमावात बहुतेक वस्तीतल्या बाया होत्या. पुढे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तुझ्या जन्माआधीची गोष्ट, पण घरी विचारलंस तर सगळ्यांना आठवेल. आता त्या दिवशीचा ‘गुन्हेगार’ कोण, एवढंच विचारशील तर कायद्याच्या पुस्तकात उत्तर मिळेल. पण त्या बाया आधी किती वेळा ठाण्याच्या पायऱ्या चढल्या होत्या, त्यांची तक्रार घेतली का गेली नाही, त्या वस्तीच्या जातीचा आणि गरिबीचा त्याच्याशी काय संबंध होता, हे विचारायला शिकवतो तो विषय समाजशास्त्र. आणि जमाव हिंसक कसा होतो, न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडाला की काय होतं, तो परत कसा मिळवायचा, याचा बारकाईनं अभ्यास करतं ते गुन्हेगारीशास्त्र. तुला दोन्ही लागतील. माझं उत्तर एवढंच आहे की दोन्ही शिक, पण पाय समाजशास्त्रात रोव.

त्याआधी एक गैरसमज दूर करते, कारण दरवर्षी त्यापायी दोन-तीन मुली निराश होताना मी पाहते. गुन्हेगारीशास्त्र म्हणजे फॉरेन्सिक नव्हे. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, विषाची तपासणी हे न्यायसहायक विज्ञान. नागपुरात त्याची शासकीय संस्थाही आहे आणि प्रादेशिक प्रयोगशाळाही, पण तिथे बारावीपासून विज्ञान लागतं. तुझी ओढ प्रयोगशाळेची असेल तर आजच दिशा बदल, कारण कला शाखेतून त्या दारापर्यंत रस्ता जात नाही. तसंच, फौजदार व्हायला गुन्हेगारीशास्त्राची पदवी लागत नाही. एमपीएससीतून पीएसआयला कुठलीही पदवी चालते. या दोन्हींतलं काही मनात नसेल आणि खरोखर ‘का’ हाच प्रश्न छळत असेल, तर पुढे वाच.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडीचा विषय, आहे, पण तुझ्या महाविद्यालयात मायनर म्हणून काय मिळतं ते तिथल्या शिक्षकांवर ठरतं. अनेक ठिकाणी गुन्हेगारीशास्त्र स्वतंत्र मायनर म्हणून मिळत नाही, समाजशास्त्राच्याच एखाद्या पेपरात ‘गुन्हा आणि समाज’ म्हणून येतं. मग मायनरला मानसशास्त्र किंवा राज्यशास्त्र घे, दोन्ही पुढे कामी येतात. दुसरा मार्ग दोन पदव्यांचा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही नियमित. पण मी पहिल्या वर्षात हे करू नको म्हणेन. घरून पैसा आणि वेळ दोन्ही मिळत असतील तरच तिसऱ्या वर्षी विचार कर, आणि शिष्यवृत्ती असेल तर तिच्या अटी आधी वाच. तिसरा मार्ग, जो मला सर्वात भरवशाचा वाटतो: पदवी समाजशास्त्रात पक्की करायची आणि पदव्युत्तरला गुन्हेगारीशास्त्र. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ते समाजकार्याच्या अंगानं शिकवतात, मद्रास विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे, आणि शेजारच्या मध्य प्रदेशात सागर विद्यापीठानं तर १९५९ मध्येच गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू केला. नागपूर सोडणं शक्य नसेल तर इथे समाजकार्याची चांगली महाविद्यालयं आहेत. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणातलं क्षेत्रकार्य या वाटेवर फार उपयोगी पडतं.

हे झालं व्यवहाराचं. पाय समाजशास्त्रात रोव, असं मी का म्हणते, ते सांगायला थोडी जागा लागेल.

मंडळावर असताना प्रत्येक मुलामागे परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे मुलाच्या घरची-दारची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, सामाजिक तपासणी अहवाल यायचा. (बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी महिला असावीच लागते. २०१५ च्या कायद्यात तसं आहे.) अहवाल लिहिणाऱ्यांवर कामाचं ओझं प्रचंड, त्यामुळे दोन वाक्यं जवळजवळ प्रत्येक फाइलीत सापडायची: ‘वडील व्यसनी असून घरचे वातावरण चांगले नाही. मुलास वाईट संगत लागलेली आहे.’ सुरुवातीला मीही ती वाचून मान हलवायची.

मग एक सोळा वर्षांचा मुलगा आला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मोबाइल चोरीत तिसऱ्यांदा पकडलेला. मी विचारलं, फोन नेलास कुठे? म्हणाला, विकला. कोणाला? एका दुकानात. लॉक कोण उघडतं? दुकानातलेच. तुला किती मिळाले? त्यानं सांगितलेली रक्कम फोनच्या किमतीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. कुठल्या कंपनीचा फोन जास्त चालतो, पावसाळ्यात भाव का पडतो, बॅटरी गेली असेल तर किती कमी मिळतात, सगळं त्याला पाठ होतं. हे त्याला कोणी शिकवलं? फाइलीतली ‘वाईट संगत’ म्हणजे त्याच्याच वयाची दोन पोरं होती. भाव शिकवणारी माणसं चाळिशीतली, दुकानाचं शटर रोज सकाळी उघडणारी, आणि त्यांचा फाइलीत उल्लेखच नव्हता.

एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा सिद्धांत तू दोन्ही विषयांत शिकशील. गुन्हेगारी वर्तन हे इतर वर्तनासारखंच जवळच्या माणसांकडून शिकलं जातं, त्यातलं कसबही आणि ते करायला हरकत नाही हे मनाचं समाधानही, असं तो म्हणतो. गुन्हेगारीशास्त्राच्या पेपरात मुलं याचा अर्थ ‘संगतीचा परिणाम’ असा लिहून मोकळी होतात. पण हाच सदरलँड १९३९ मध्ये आपल्या समाजशास्त्रज्ञ सहकाऱ्यांसमोर उभा राहिला आणि पांढरपेशा गुन्हेगारीकडे बघा म्हणाला, कंपन्यांकडे, व्यापाराकडे, प्रतिष्ठितांकडे. त्याला असा सिद्धांत हवा होता जो झोपडीतल्या मुलाला आणि शटर उघडणाऱ्या दुकानदाराला एकच माप लावेल. ते अर्ध गाळलं की सिद्धांताचा शेरा होतो, आणि तो नेहमी गरिबाच्याच फाइलीवर बसतो.

त्या मुलानं मला आणखी एक वाक्य ऐकवलं. ‘चोरी कोनीबी करो मॅडम, पोलीस मलेच उचलते जी.’ हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये मांडलेला शिक्का मारण्याचा सिद्धांत, म्हणजे समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तो गुन्हेगार ठरतो हे म्हणणं, मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत होते. तो मला त्या दिवशी कळला. आम्ही अहवालात माल घेणाऱ्यांचा रकाना आग्रहानं भरायला लावला, मुलाला दुचाकी दुरुस्तीच्या प्रशिक्षणाला घातलं. तो परत मंडळासमोर आला नाही. ते आमच्यामुळे की त्याला अठरा पूर्ण झाल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यापेक्षा मोठा धडा मला वर्गात मिळाला, आणि तो माझ्या चुकीतून मिळाला. शिकवायला लागून दोनच वर्षं झाली होती. तेव्हा सर्रास वापरात असलेल्या एका मार्गदर्शकातून मी गुन्हेगारांचे प्रकार लिहून देत होते: प्रासंगिक गुन्हेगार, सराईत गुन्हेगार, गुन्हेगार जमाती. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. पारधी समाजातला होता. हळूच म्हणाला, ‘मॅडम, तिसऱ्या प्रकारात मी येतो.’ मला काही सुचलं नाही. घरी जाऊन मी ते पान फाडलं आणि वाचायला बसले.

जे वाचलं ते तुला आता थोडक्यात सांगते, पण तू हे सविस्तर वाचलंच पाहिजेस. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तर भारतात, आणि १९११ च्या कायद्यानंतर तो देशभर लावता येऊ लागला. एखादा समाजच्या समाज जन्मानं गुन्हेगार ठरवायचा, त्याची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, गाव सोडायला परवाना लावायचा, प्रसंगी कुंपणाच्या वसाहतीत ठेवायचं. सोलापूरची सेटलमेंट तू ऐकली असशील. हे समाज ‘असे का वागत’ होते? पारध्यांचं बघ. शिकार हा त्यांचा पिढीजात धंदा. १८७८ च्या वन कायद्यानं जंगल सरकारचं झालं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच गुन्हा झाली. माणसं होती तीच, हातातला फासा होता तोच, कायदा बदलला आणि पोटापाण्याचा धंदा दोनदा गुन्हा ठरला. मिठाची ने-आण करणारे लमाणांचे तांडे रेल्वेमुळे बंद पडले. फिरस्त्यांचा व्यापार मोडला आणि मग त्यांचं फिरणंच संशयास्पद ठरलं.

कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्या दिवसाला हे समाज विमुक्त दिन म्हणतात. पण त्यानंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यात जमातीचं नाव नव्हतं, ठाण्यातली नजर मात्र तीच राहिली. ती किती टिकली ते बघ: ३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला कारागृहांतली जातीवरून होणारी कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवावी लागली, आणि कारागृह नियमावल्यांतल्या विमुक्तांविषयीच्या उल्लेखांवरही बोट ठेवावं लागलं. गुन्हेगारीशास्त्राच्या जन्मकथेत लाँब्रोझो या इटालियन डॉक्टरचं नाव सन्मानानं येतं, १८७६ चा त्याचा ‘जन्मजात गुन्हेगार’ येतो. आपल्याकडे त्याच्याही पाच वर्षं आधी तसा कायदा लागू होता, हे त्याच पानावर यायला हवं. समाजशास्त्र हाताशी नसेल तर ते येत नाही. म्हणून मी आग्रह धरते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्या शहराला वर्तमानपत्रं अधूनमधून ‘क्राइम कॅपिटल’ म्हणतात आणि आपण सगळे ते पुढे ढकलतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, १९८६ मध्ये स्थापन झाला. देशभराची वार्षिक आकडेवारी त्याही आधीपासून, १९५३ पासून निघते. हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या नव्हे. शिवाय एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजणीत फक्त सर्वांत गंभीर कलम धरलं जातं. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो, बलात्काराच्या नाही. एखाद्या शहरात पोलिसांनी तक्रारी प्रामाणिकपणे घ्यायला सुरुवात केली, महिलांना ठाण्यात जायचं धैर्य आलं, तर तिथला आकडा वाढतो. म्हणजे चांगलं काम झालं की शहर वाईट दिसतं! केरळचा गुन्हेदर मोठा दिसतो त्यामागे हेच एक महत्त्वाचं कारण आहे. गुन्हे वाढणं आणि नोंदी वाढणं वेगळं, हे एनसीआरबी स्वतःही बजावतं, पण बातमीत तेवढी ओळ गळते. नोंदीचा आकडा म्हणजे आधी पोलिसांच्या कामाचा आकडा आणि मग गुन्ह्यांचा, एवढं जरी तू पदवीच्या तीन वर्षांत पक्कं शिकलीस तरी गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात तू इतरांच्या पुढे असशील.

विदर्भातल्या माणसाला हे शेतकरी आत्महत्यांवरून लगेच कळेल. सरकारी मदतीसाठी जिल्हा समिती प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. सातबारा नावावर नसलेली बाई आयुष्यभर शेतात राबली तरी त्या मापात शेतकरी ठरत नाही. एनसीआरबीनं २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगवेगळे मोजायला सुरुवात केली आणि शेतकऱ्यांचा आकडा एकदम उतरलेला दिसला. मरणारी माणसं तीच होती, रकाने बदलले. एमिल डर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी गोष्टीमागे समाजाचे धागे असतात हे सरकारी आकड्यांवरूनच दाखवलं. सत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये, जॅक डग्लस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं विचारलं की मृत्यूला आत्महत्या म्हणायचं हे जे अधिकारी ठरवतात, त्यांच्या ठरवण्याचं काय? दोघंही वाच. आणि कायद्याकडेही बघ: आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते कलम गेलं. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. ३० जूनच्या रात्री जो माणूस कायद्याच्या लेखी गुन्हेगार होता, तो सकाळी रुग्ण झाला.

तिसरी गोष्ट नकाशाची, आणि ही माझ्या जिव्हाळ्याची आहे. शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके यांनी बाल न्यायालयाच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या. त्यांना दिसलं की काही भागांत एकामागून एक वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक राहून गेले, तरी बालगुन्हेगारी तिथे जास्तच राहिली. म्हणजे दोष वंशात नव्हता, त्या भागातली सामाजिक वीण उसवलेली होती. सिद्धांत सुंदर आहे, पण नागपूरवर तसाच ठेवू नको. शिकागोत स्थलांतरिताला चार पैसे मिळाले की तो मध्यातला भाग सोडून बाहेर जायचा. इथे जात माणसाला इतक्या सहज मोहल्ला बदलू देत नाही. टिमकी, तांडापेठ, गोळीबार चौकाकडे कोष्टी समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, हातमाग बसला तरी. १८७७ ला सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडली तेव्हा कामगारांच्या वस्त्या रिकाम्या झाल्या नाहीत. मिळकत गेली आणि माणसं तिथेच राहिली.

आणि उत्तर नागपूर बघ. ज्या वस्त्या पुस्तकी हिशेबानं ‘धोक्याच्या’ ठरतील तिथे चालत जा. बुद्धविहार आहे, विहाराला लागून अभ्यासिका आहे, रात्री अकरालाही तिथे पोरं एमपीएससीचं वाचत बसलेली आहेत, महिला मंडळ आहे, १४ एप्रिलची तयारी महिनाभर आधीपासून चाललेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यानं माणसांचा धर्म तर बदललाच, शिवाय वस्तीला वस्तीनं चालवायच्या संस्था दिल्या. गरिबी म्हणजे गुन्हेगारी हे समीकरण तिथे चालताना तुटतं. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळायला लावलं, त्याकडेही याच नजरेनं बघ. पोरांच्या संध्याकाळीला कोणीतरी आकार दिला. तुझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला मी विषय सुचवायचा तर हाच सुचवेन: एका वस्तीतली अभ्यासिका, तिच्यात येणारी मुलं, आणि न येणारी.

आतापर्यंतचं एकदा गोळा करते, कारण बरंच पसरलं. प्रयोगशाळा किंवा नुसती खाकी वर्दी हवी असेल तर ही वाट नाही. ‘का’ हवा असेल तर मेजर समाजशास्त्र, मायनर जे मिळेल ते शहाणपणानं निवडलेलं, आणि गुन्हेगारीशास्त्र पदव्युत्तरला किंवा परिस्थिती असेल तर तिसऱ्या वर्षापासून जोडीनं.

अभ्यास जोडीनं करताना दोन्ही विषयांच्या टिपणांची एकच वही ठेव. सिद्धांत बरेच तेच असतात, विचारलं मात्र वेगळं जातं. तडीपारीचं बघ. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या ५५ ते ५७ कलमांखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकी अभ्यासकानं १९६९ मध्ये म्हटलं की माणूस गुन्ह्यापासून दूर राहतो तो घर, काम, शाळा, माणसं यांच्याशी असलेल्या बंधांमुळे. समाजशास्त्राच्या पेपरात हे बंध काय असतात आणि समाज ते कसे विणतो, ते लिही. गुन्हेगारीशास्त्राच्या पेपरात लिही की तडीपारी नेमके तेच बंध तोडते, आणि तरीही एखाद्या वस्तीला सहा महिने मोकळा श्वास घेता येतो, तेव्हा दोन्ही तोलून धोरण कसं ठरवायचं. एकाच वाचनातून दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी.

वाचताना डर्खाइमपासून सुरुवात कर, मग १९३८ चा रॉबर्ट मर्टन (समाज दाखवतो ती स्वप्नं आणि तिथवर पोचायचे मार्ग यांतली दरी त्यानं मांडली), मग सदरलँड, मग बेकर. क्रम मोडला तर प्रत्येक जण कोणाशी भांडतोय ते कळत नाही. संख्याशास्त्राचा पेपर टाळू नको. मुली त्याला घाबरतात आणि पुढे तोच आडवा येतो. आणि मुलाखत घ्यायला शिक, वऱ्हाडीत, नागपुरी हिंदीत, समोरच्याच्या बोलीत. ‘तुमच्या गुन्ह्यामागची कारणे सांगा’ असं विचारलं तर माणूस तेच सांगतो जे त्यानं वकिलाला सांगितलं. ‘त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं’ असं विचार, तो बोलायला लागतो.

घरच्यांना काय सांगायचं? सांग की समाजशास्त्र यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं, गुन्हेगारीशास्त्र तिथे नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत मात्र दोन्ही स्वतंत्र विषय आहेत. महिला व बालविकास विभागातली परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी ही पदं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, कैद्यांसोबत काम करणाऱ्या संस्था, संशोधन, आणि नंतर कायद्याचं शिक्षण घेतलंस तर वकिली, या सगळ्यांत ही जोडी उपयोगी पडते. पगार सुरुवातीला बेताचा असतो, बरीच कामं कंत्राटी असतात. हे लपवू नको, त्यांना खरं सांग.

आणि निर्णय घेण्याआधी एक काम कर. जिल्हा न्यायालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि आपल्या कायद्यात फौजदारी न्यायालय सर्वांना खुलं असतं. बलात्कारासारखी काही प्रकरणं बंद दालनात चालतात आणि बाल न्याय मंडळात बाहेरच्यांना प्रवेश नसतो, ते सोडून. फोन बंद करून मागच्या बाकावर बस. रिमांड आणि जामिनाची वेळ गाठ. वहीत चार रकाने पाड: माणूस काय काम करतो, वकील स्वतःचा की विधी सेवा प्राधिकरणानं फुकट दिलेला, जामीन झाला का, आणि झाला तर जामीनदार मिळाला का. नाव लिहू नको. आपल्या देशाच्या तुरुंगांत दर चार माणसांतले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याला, आरोप जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्याचा नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे. ती कोणापर्यंत पोचते आणि कोणापर्यंत नाही, ते तुझ्या चौथ्या रकान्यात दिसायला लागेल.

पहिले तीन-चार दिवस काहीच कळणार नाही, सगळे भराभर बोलतात. पंधरा दिवस जा. मैत्रिणीला सोबत ने, पाण्याची बाटली ने, आणि मे महिना सोडून जा, तेव्हा न्यायालयाला सुट्या असतात. परत आल्यावर चौथा रकाना पहिल्या रकान्याशी ताडून बघ, आणि काय दिसलं ते मला कळव.